खुर्चीत बसून केलेले काम: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार. इंग्लंडमध्ये फोनवरून आरोग्यसल्ला देणाऱ्या नर्सच्या कामाबद्दलचे माझे लेखन आपल्याला तक्रारखोर वाटले. वॉर्डात बारा-बारा तास उभे राहणाऱ्या नर्ससमोर, खुर्चीत बसून पडद्यावरचे प्रश्न वाचणाऱ्यांनी ताणाची भाषा करू नये, असे आपण म्हणता. उभे राहण्याच्या श्रमाबद्दल मला काहीच वाद घालायचा नाही. मीही वॉर्डात राबले आहे. प्रश्न वाचण्याबद्दल मात्र आपली समजूत जुनी आहे.

1998 साली एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची, एनएचएस डायरेक्ट ही फोनसल्ला सेवा सुरू झाली, तेव्हा सल्ला देण्याचे काम मुख्यतः नर्सच करत. 2014 मध्ये ती बंद झाली तोवर तिची जागा 111 या क्रमांकाच्या फोनसेवेने घेतली होती. तिथे बहुतेक फोन प्रथम प्रशिक्षित, पण नर्स नसलेले कर्मचारी घेतात आणि संगणकाच्या प्रश्नावलीत न बसणारे रुग्ण नर्सकडे येतात. थोडक्यात, सोपे गाळून उरलेले अवघड फोन एकामागून एक तिच्या वाट्याला येतात.

ताप आलेल्या मुलाच्या अंगावर पुरळ असेल, तर काचेचा पेला त्यावर दाबून डाग फिके होतात का, हे पाहायला सांगतात. फिके झाले नाहीत तर मेंदूज्वराची शंका घेऊन लगेच अँब्युलन्स. पण सावळ्या कातडीवर असे डाग चटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजू पाहायला सांगावी लागते. तेही मध्यरात्री, रडणारे मूल कडेवर घेऊन इंग्रजीत चाचपडणाऱ्या आईला. ती म्हणते, "थोडे फिके झाले, बहुतेक." आता पुढे काय, हा निर्णय मूल डोळ्यांनी न पाहता घ्यायचा असतो.

संभाषणे ध्वनिमुद्रित होतात आणि तपासणीसाठी ऐकलीही जातात, याला माझा विरोध नाही. उद्या वाद झालाच तर तेच नर्सच्या बाजूने बोलते. माझा आक्षेप घड्याळाला आहे. त्या आईला समजावण्यात गेलेली जादा मिनिटे कामाच्या हिशेबात दिरंगाई ठरू नयेत. शिवाय मुलाचे पुढे काय झाले, हे नर्सला सहसा कळतच नाही. वॉर्डात निदान दुसऱ्या दिवशी विचारता तरी येते.

"झेपत नसेल तर वॉर्डात परत जावे," हा आपला सल्ला अनेक जणी विनातक्रार पाळतात, आणि त्या खुर्चीवर कमी अनुभवाची नर्स येते. म्हणूनच आठवड्यातले काही दिवस फोनवर आणि काही दिवस रुग्णांजवळ अशी पाळी लावावी, एवढीच माझी मागणी होती.