राणीचं कुंकू

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या देव्हाऱ्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख आणि व्हिक्टोरिया राणी अशी मंडळी गुण्यागोविंदानं नांदतात. राणी चांदीच्या रुपयावर आहे, साल १८६२. लक्ष्मीपूजनाला ती डबीतून पाटावर येते, पळीभर पाणी घेते, हळदीकुंकू लावून घेते आणि वर्षभरासाठी परत डबीत जाते. घासायची मात्र नाही. घासली की लक्ष्मी झिजते, असं पणजीनं सांगून ठेवलंय.

भाच्यानं मोबाइलवर कसलासा व्हिडिओ पाहिला. "मामा, जुन्या नाण्याचे लाखो मिळतात! रविवारी प्रदर्शन आहे, चला." आईला म्हटलं, विकत नाही गं, नुसती दाखवून आणतो. "दाखवायला काय, मुलगी आहे का ती?" आई म्हणाली, पण डबी दिली.

नाणेवाल्यांच्या हॉलमध्ये कुणी तुमच्या तोंडाकडे पाहत नाही. नमस्कार केला तर हातात काय आहे ते बघतात. एका टेबलावर सयाजीरावांचे तांब्याचे पैसे मांडले होते, घोड्याचं खूर आणि तलवार असलेले. मी विचारलं, "घोडा कुठाय?" विक्रेता म्हणाला, "साहेब, दीडशे रुपयांत खूरच येतं."

नाणी तपासून घ्यायच्या रांगेत माझ्यापुढच्या गृहस्थांनी रुमालाची गाठ सोडून रामदरबाराचं नाणं काढलं. ईस्ट इंडिया कंपनी, १८१८. भिंगवाल्यानं ते हातातही घेतलं नाही. "कंपनी रामभक्त कधी झाली, काका? हे टोकन आहे, चलनातलं नाणं नव्हे." काका रुमालाला परत गाठ मारत बसले. मला त्यांची दया आली. अर्थात वरून.

मग आमची राणी काट्यावर चढली. या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम हवं, आणि दीडशे वर्षं वापरलेलं नाणं त्याहून हलकंच भरायचं. आमचं ११.७ भरलं. भिंगवाल्याच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, खात्यापित्या घरची आहे.

त्यानं भिंग लावलं आणि समजावून सांगितलं की १८६२ पाहून हुरळू नका. टांकसाळीनं हेच साल १८७४पर्यंत छापलं. नाणं खरं कोणत्या वर्षी पडलं ते मागच्या बाजूचे बारीक ठिपके मोजून ठरवतात. त्यावरच किंमत. बोलता बोलता तो थबकला. सालाखाली एक ठिपका होता, पण जिथं असायला हवा तिथं नव्हता. त्यानं शेजारच्याला हाक मारली. त्यानं पलीकडच्याला. तीन भिंगं आमच्या राणीवर ओणवी झाली. भाचा व्हिडिओ काढू लागला. मी तेवढ्यात मनात फ्रिज बदलला, गच्चीचं गळणं थांबवलं आणि कोणाकोणाला कळू द्यायचं नाही त्याची यादीही केली.

मग एकानं खिशातून दातकोरणी काढली.

"काका, आ तो कंकू छे!"

ठिपका कागदावर पडला. राणीच्या अंबाड्यातूनही बरंच निघालं, शिवाय एक अक्षत. पुन्हा वजन केलं तर ११.५. पुष्कळ मिळणारं नाणं, चांदीच्या भावाहून थोडं वर.

तो हसत म्हणाला, "राणीला कुंकू कुणी लावलं? हिचा नवरा १८६१च्या डिसेंबरातच गेला." मी गप्प. ज्या पणजीनं अख्ख्या गल्लीतल्या एकाही विधवेला कधी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, तिनं लंडनच्या विधवेला मात्र जन्मभर दर दिवाळीला सवाष्ण म्हणून पाटावर बसवलं होतं.

राणी विकली नाही. खूर घेतलं, दीडशेचं. भाच्यानं वाटेत दोन प्लेट सेव-उसळ हाणली, तीही माझ्याच खात्यावर.

घरी आईनं डबी उघडली आणि नाणं उजेडाकडे धरलं. "कोरून काढलं मेल्यांनी!" ती हात धुऊन आली, करंडा उघडला, आणि अनामिकेनं बरोबर सालाखाली नवं बोट टेकवलं.