‘छिन्नी-हातोडा पुरे’ म्हणणाऱ्यांनो, खालचा पत्रा बघता का कधी?

डेंटिंगवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज लई फिरायलाय, बीडपासून नांदेडपर्यंत ज्याला त्याला आलेला आहे. म्हणणं असं की स्पॉट वेल्ड (गाडीचे दोन पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके, पॅनल बदलायचा तर आधी तेच सोडवावे लागतात) काढायचे कटर, स्पेशल बिट, बेल्ट सँडर (फिरत्या पट्ट्याचं घासायचं मशीन) हे सगळे विकणाऱ्यांचे चोचले, जुन्या मिस्त्री लोकांनी छिन्नी-हातोड्यावर अँबेसिडरसारख्या गाड्या उभ्या केल्या, साधं ड्रिल मारा, नाही निघालं तर गॅस लावा, खालच्या पत्र्याला भोक पडलं तर वेल्डिंगनं भरा, आणि गिऱ्हाइकाला काय कळतंय. मी पत्र्याचंच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी साधं ड्रिल. 8 एमएमची नेहमीची बिट हातात घ्या अन् तिचं टोक बघा. बाजारात मिळती ती बहुतेक 118 डिग्रीची, म्हणजे टोकापासून पूर्ण 8 एमएम रुंदी यायला जवळपास 2.4 एमएम खाली जावं लागतं. गाडीचा बाहेरचा पत्रा असतो 0.7-0.8 एमएमचा, खालची पट्टी 1.2 ची धरली तरी दोन्ही मिळून 2 एमएम. म्हणजे वरच्या पत्र्यात पूर्ण भोक व्हायच्या आतच टोक खालच्यातून पलीकडं निघालेलं असतंय, हात कितीबी सफाईचा असू द्या, गणितच तसं आहे. स्पॉटच्या बिटचं तोंड जवळजवळ सपाट, मधे फक्त सेंटर धरायला बारीक टोक, ती वरचा पत्रा आणि स्पॉट खरवडत जाती आणि वेळेवर थांबलं तर खाली नुसता गोल चट्टा ऱ्हातो. फेकायचा पत्रा कोणता आणि ठेवायचा कोणता हे आधी ठरवायचं आणि फेकायच्या बाजूनंच शिरायचं, एवढं साधं आहे, पण घाईत लोक हेच विसरतात.

दुसरा प्रकार दातेरी कटरचा. मधे स्प्रिंगची पिन, भोवती दात, स्पॉटच्या भोवती रिंगण कापतो, वरचा पत्रा सुटतो आणि स्पॉटचं बटण खालच्या पत्र्याला चिकटून ऱ्हातं, ते नंतर ग्राइंडरनं सपाट करून घ्यायचं. इथं मेसेजवाल्याचं थोडं खरंय, स्वस्तातल्या कटरचे दात लवकर उडतात, ड्रिल जरा तिरपं झालं की गेले. बरेच कटर उलटे करून दुसऱ्या बाजूचे दात वापरता येतात तेवढं समाधान. आणि “याला कंप्रेसर लागतो, आपल्याकडं लाईटच नसती” हे तर उगंच, दोन्ही प्रकार साध्या हँड ड्रिलला बसतात, बॅटरीच्या ड्रिललाबी.

आता छिन्नी. छिन्नीशी माझं भांडण नाही, स्पॉट सगळे कापून झाले की चिकटलेली शिवण उघडायला पातळ धारेची छिन्नी लागतीच. भांडण आहे ते न कापता सरळ छिन्नी ठोकण्याशी. स्पॉट म्हंजे दोन पत्रे तांब्याच्या टोकांमधे दाबून हजारो अँपिअर करंट सोडला की आत जो गोळा वितळून एकजीव होतो तो, साधारण 5-6 एमएमचा, आणि तो नीट बसला असला तर भोवतीच्या पत्र्यापेक्षा जास्त टिकाव धरतो. वाळूज नाहीतर शेंद्र्याला वेल्डशॉपमधे काम केलेला एखादा पोरगा असल तर त्याला विचारा, तिथं स्पॉट चांगला का वाईट हे बघायला नमुन्याचे दोन पत्रे छिन्नीनं किंवा ओढून फाडतात, एका पत्र्याला बटण चिकटून आलं आणि दुसऱ्याला भोक पडलं तर स्पॉट पास! म्हणजे कंपनीत जी नमुना फाडायची टेस्ट आहे ती तुम्ही गिऱ्हाइकाच्या चालू गाडीवर करायलात. भोक कोणत्या पत्र्याला पडंल ते तुमच्या हातात नाही. जो पत्रा पातळ तो फाटतो, आणि फाटला नाही तरी कड अशी वाकडीतिकडी होती की नवा पॅनल बसवताना गॅप काही केल्या जुळत नाही, मग लांबी (पुट्टी) भरत बसा. अँबेसिडरचं उदाहरण देणाऱ्यांनी तिचा पत्रा किती जाड होता अन् आजचा किती पातळ आहे तेबी सांगावं.

गॅस कटर. हे वाचून तर डोकंच फिरलं. आजच्या गाड्यांत बी-पिलरला (पुढच्या-मागच्या दाराच्या मधला खांब), कुठं कुठं सिलच्या (दाराखालची बंद पेटी) आतल्या पट्टीला बोरॉन स्टील असतं, लालबुंद पत्रा प्रेसमधे दाबून तिथंच गार करून कडक केलेला, ताकद 1500 मेगापास्कलच्या आसपास. त्याला गॅसनं तापवलं की तो कडकपणा गेला, बाहेरून काय दिसत नाही, पण पुढच्या ठोकरीत तो खांब आधीसारखा झेलणार नाही. शिवाय पत्र्यावरचा गंज रोखणारा जस्ताचा थर जळतो, त्याचा धूर छातीत गेला तर रात्री थंडी-ताप भरतो, आणि आत वायरिंग, फोम, छताच्या कडेला एअरबॅग, पेट घ्यायला वेळ लागत नाही. बोरॉनवर साधी एचएसएस (हायस्पीड स्टीलची) बिट नुसती घासत बसती, तिथं कोबाल्ट नाहीतर कार्बाइडची बिट, स्पीड कमी, दाब जास्त.

“आपल्याकडं कोरडं हवामान, गंज कोकणात येतो” असंबी लिहिलंय त्यात. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यानं गाडी न्या आणि सिलच्या खालची पाणी निघायची भोकं बघा, चिखलानं बुजलेली असतात, तो चिखल आठवडाभर ओल धरून बसतो. जस्त जळालेला पत्रा तिथूनच जातो.

राहिलं भोक भरायचं. नवा पॅनल बसवताना त्यालाच 8 एमएमची भोकं पाडून, शिवणीत वेल्ड-थ्रू प्रायमर (वरून वेल्डिंग करता येतं असा गंजरोधक प्रायमर) मारून, क्लँप घट्ट करून एमआयजीनं (तारेच्या वेल्डिंग मशीननं) प्लग मारतात, म्हंजे ती भोकं वेल्डिंगनं भरून पत्रे जोडतात, आणि आर्क सुरू करायचा असतो तो भोकातून दिसणाऱ्या खालच्या पत्र्यावर, मधोमध. खालीच भोक असंल तर आर्क कुठं धरणार? माल आत गळतो, वरून मात्र टोपी छान दिसती, ग्राइंडर मारला की गुळगुळीत. मागं तांब्याची पट्टी धरून भोक भरता येतं हे खरंय, पण सिलच्या बंद पेटीत हात घालणार कसा? एखादं भोक वेगळं, वीस स्पॉटच्या लाईनीत निम्म्याला भोकं असली तर त्याला रिपेअर म्हणत नाहीत.

कडेला जिथं ड्रिल शिरत नाही तिथं 10 एमएमचा बेल्ट सँडर, नाहीतर ग्राइंडरनंच वरचा पत्रा कागदासारखा करून सोडवणं, हेबी चालतं, सगळं विकतच घ्या असं कोण म्हणत नाही.

आणि गिऱ्हाइकाला कळत नाही म्हणता ना, तर गिऱ्हाइकांनो तुम्हालाच सांगतो, जुना पॅनल निघाला की नवा बसायच्या आधी त्या कडेचा फोटो मागा, चट्टे आहेत का भोकं हे मोबाईलवरबी दिसतं.