शेवाळाची पावडर आणि सोलापूरचं ऊन

यंत्रमाग कामगारांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: 'समुद्री शेवाळाची पावडर रोज चमचाभर घ्या. त्यातली पॉलिसॅकराइड्स रोगप्रतिकारक पेशींना उष्णतेपासून वाचवतात, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. मग पाणी कमी पडलं तरी ऊन बाधत नाही. नैसर्गिक आहे, अपाय शून्य.' सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा असा मेसेज जिवावर बेतू शकतो.

आधी 'सिद्ध केलंय'चं पाहू. पॉलिसॅकराइड्स म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या. तपकिरी शेवाळातलं फ्युकॉइडान त्यातलंच. त्यांवर संशोधन चालू आहे आणि ते मोलाचंही आहे. पण त्यातलं बरंचसं काम बशीत वाढवलेल्या पेशींवर किंवा जनावरांवर होतं. बशीत अर्क थेट पेशीला भिडतो. आपण गिळलेली पावडर आधी पोटात जाते आणि या साखळ्या तोडणारी एन्झाइम्स आपल्या पाचकरसांत नाहीत. मोठ्या आतड्यातले काही जीवाणू त्या तोडू शकतात, पण सगळ्यांचे नाही. नोरी शेवाळ पचवणारी जनुकं जपानी लोकांच्या आतड्यातल्या जीवाणूंत सापडल्याचं 2010 साली प्रसिद्ध झालं. पिढ्यान्‌पिढ्या शेवाळ खाणारी ती माणसं. आपण कडक भाकरी नि शेंगाचटणीवर वाढलेले.

'अपाय शून्य' हेही चूक. प्रौढ माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, आणि काही तपकिरी शेवाळांच्या एका ग्रॅममध्येच त्याच्या कितीतरी पट असतं. जादा आयोडीनमुळे गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचं काम बिघडू शकतं, म्हणून थायरॉईडचा त्रास असलेल्यांनी ही पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

सगळ्यात घातक आहे ते पाण्याचं वाक्य. अंग गार होतं ते घाम वाळल्यामुळे. मागाच्या शेडमध्ये सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवतात, खिडक्या बंद असतात. घाम नुसता ओघळतो, वाळत नाही. त्यात पाणी तोडलं तर घामही आटतो आणि शरीराचं तापमान चढतच जातं. ते 40 अंशांपुढे गेलं की मेंदू, मूत्रपिंड, यकृत सगळ्यांनाच झळ बसते. तिथे काही पेशी वाचवून काय होणार? कामगारांना पावडरीचे डबे वाटण्यापेक्षा शेडमालकांनी तो पैसा माठ, पंखे आणि दुपारच्या भरपगारी विश्रांतीवर घालावा.

मागावरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर लगेच 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ लावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.