बहिणींनी सही करावी, पण कशावर?

आमच्या भावकीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद पेटलाय, बहिणींनी वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोड पत्रावर सही करावी की नाही. चुलतभावाचं म्हणणं, आधीच जमिनीचे तुकडे झालेत, त्यात बहिणींनीही हिस्से मागितले तर कसायचं काय. आतेबहिणीने विचारलं, मग रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला आला तेव्हा आमची आठवण का नाही झाली? त्यावर कोणीच काही बोललं नाही.

भावाची काळजी खोटी नाहीये. महाराष्ट्रात खातेदाराकडे 1970-71 ला सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती, 2015-16 च्या कृषी गणनेत ती 1.34 वर आली. पण वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा जन्मापासून हक्क आहे, आपल्या राज्यात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून, तरी होतं काय, तेरावं उरकलं की वारस नोंद, सगळ्यांची नावं सातबाऱ्यावर लागतात आणि लगेच कोणीतरी म्हणतं माहेर तुटेल गं, सही करून टाक. बदल्यात काही नाही, अट नाही. मग चार वर्षांनी त्याच जमिनीचं एनए (बिगरशेती) होऊन प्लॉट पडतात.

मी राहतो उत्तर जर्मनीत, लोअर सॅक्सनीत. इथे 1947 पासूनचा शेतवारसा कायदा आहे, त्यानुसार अख्खी शेती एकाच वारसाकडे जाते आणि बाकी भावंडांना बाजारभावाच्या मानाने अगदी थोडे पैसे मिळतात. आधी मुलग्यांना प्राधान्य होतं, ते 1963 मध्ये इथल्या घटना न्यायालयाने काढलं. तरी मला हे वाटप न्यायाचं वाटत नाही, आपला समान हक्कच बरोबर. पण इथल्या कायद्यात एक कलम आहे जे आपण उचलायलाच हवं: वारसाने 20 वर्षांच्या आत शेती विकली तर भावंडांना त्या पैशांत वाटा द्यावा लागतो. त्यांनी कमी घेतलं ते शेती टिकावी म्हणून, मग शेतीच गेली तर त्यांचा हक्क परत जागा होतो.

दुसरं म्हणजे इथे बरेच शेतकरी हयातीतच शेती मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर करतात, आणि त्याच दस्तात आईवडिलांची राहायची खोली, जेवण, आजारपणातली सेवा, महिन्याचे पैसे सगळं लिहितात, जमिनीच्या नोंदवहीतसुद्धा ते चढतं. आपल्याकडे वडील शेवटपर्यंत नावावर करत नाहीत कारण एकदा केलं की पोरं विचारणार नाहीत ही भीती, आणि ती खरी आहे. पण 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सोय आहे, सांभाळायच्या अटीवर बक्षीसपत्र केलं आणि सांभाळलं नाही तर ते रद्द करून घेता येतं. फक्त ती अट दस्तात लिहा हो, तोंडी शब्दावर सोडू नका.

परदेशात राहणाऱ्या भारतीयांना शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र मिळते, म्हणजे उद्या माझंही नाव लागेल. कसणाऱ्या भावासाठी मी आनंदाने बाजूला होईन, पण कोऱ्या हक्कसोडीवर नाही. आधी रजिस्टर्ड कौटुंबिक करार करू, 20 वर्षांत जमीन विकली किंवा संपादनात गेली तर सगळ्या भावाबहिणींना सारखा वाटा. वडीलधारी माणसं अजून आहेत, त्यांच्यासमोर या दिवाळीतच बसूया, आणि आत्यांनाही बोलवा.