सीमाभागातील रसिकांसाठी काही सूचना

बेळगावात राहून कलारसिक म्हणवून घ्यायचे असेल, तर आधी डोळ्यांवरची भिस्त कमी करावी. डोळ्यांनी पाहिलेले कोणाला पाठवता येत नाही, त्यामुळे ते पाहिल्याचा पुरावा उरत नाही, आणि पुराव्याविना रसिकता ही हल्ली अफवाच समजली जाते.

वैशाख शुद्ध द्वितीयेच्या शिवजयंतीनंतर निघणारी चित्ररथ मिरवणूक हा सरावाचा उत्तम प्रसंग होय. गल्लीतली मुले नोकरी-कॉलेज सांभाळून तालमी करतात, ट्रॉलीवर सजीव देखावा उभा करतात आणि तेच संवाद रात्रभर चौकाचौकांत म्हणत पहाटेपर्यंत घसा बसवून घेतात. अशा वेळी आपण पहिल्या रांगेत शिरून फोन उभाच धरावा. रीलचे माप ९:१६ असते आणि ट्रॉली आडवी असते, हा दोष अर्थातच ट्रॉलीचा आहे. चौकटीत महाराज मावले आणि अफजलखान बाहेर राहिला, तर प्रतापगडची भेट एकतर्फी दिसेल खरी. पण काही सेकंदांत इतिहासाच्या दोन्ही बाजू दाखवण्याचा आग्रह आपल्याकडे एरवी तरी कोण धरतो? रात्री उजेड कमी पडला की फोन एकामागून एक अनेक प्रतिमा टिपून त्यांची एक करतो आणि तेवढ्यात जे हलेल ते पुसट होते. म्हणून तलवार उपसणाऱ्या मावळ्याला जरा स्थिर उभे राहण्यास ओरडून सांगावे. मागच्या आजोबांना काही दिसत नसेल, तर त्यांना आपल्या पडद्यावर पाहण्याची मुभा द्यावी. पाच-सहा इंचांत का होईना, पण रोषणाई सुरेख दिसते. संवाद मात्र पुढच्या मंडळाच्या डॉल्बीत बुडालेले असतील, तेव्हा खाली एखादे चालू गाणे जोडून टाकावे.

मैफलीचे शास्त्र याहून सोपे आहे. कुमार गंधर्व १९२४ साली याच जिल्ह्यातील सुळेभावीत जन्मले, ही माहिती शेजाऱ्याला अवश्य द्यावी, शक्यतो आलाप सुरू असताना. ध्वनिमुद्रण करताना फोन आवाजाची पातळी स्वतःच सारखी करू पाहतो, म्हणजे शांततेतला तानपुरा वर उचलतो आणि चढलेला सूर खाली दाबतो. गायकाने आयुष्यभर साधलेला लहानमोठा आवाज यंत्राने असा समतल करून दिल्यावर आपल्यावर ऐकण्याची जबाबदारी राहत नाही.

चित्रकलेविषयी तर संकोचच सोडावा. रवी परांजपे यांच्यासारखा चित्रकार ज्यांच्या हाताखाली घडला, ते के. बी. कुलकर्णी याच शहरात व्यक्तिचित्रे रंगवीत. समोर माणूस बसवायचा, त्याच्या गालावरची सावली न्याहाळायची आणि मग रंग कालवायचा, असा तो वेळखाऊ प्रकार होता. १९७५ साली स्टीव्ह सॅसन यांनी कोडॅकमध्ये बनवलेल्या डिजिटल कॅमेऱ्यालाही एक काळेपांढरे चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला २३ सेकंद लागत, इतका तो काळ मागासलेला होता. आता मंडळाच्या फ्लेक्ससाठी गल्लीतल्या पेंटरकडे जाण्याचे कारण नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेला एक ओळ लिहून दिली की महाराज, गड आणि उगवता सूर्य क्षणात हजर होतात. गड सह्याद्रीतला न वाटता युरोपातला वाटला, तर उंची वाढली असे समजावे.

या यंत्राचा खरा उपकार सीमाभागालाच कळेल. दुकानाच्या पाटीवर कोणती लिपी वर आणि कोणती खाली, यावर येथे पिढ्या खर्ची पडल्या. २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीचा ६० टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो. यंत्राने चित्रात रेखाटलेली अक्षरे मात्र पुष्कळदा अशी उतरतात की ती मराठी माणसालाही वाचता येत नाहीत आणि कन्नड माणसालाही. इतका निःपक्ष फलक कोणत्याही आयोगाला सुचला नव्हता. तो बिनधास्त लावावा. काळे फासायला येणाऱ्यालाही आधी तो कोणत्या भाषेत आहे हे ठरवावे लागेल.

एवढे करूनही पेंटर दारात उभा राहिला आणि त्याच्या जुन्या चित्राचा फोटो न विचारता फ्लेक्सवर कसा आला असे विचारू लागला, तर रागावू नये. त्याला चहा पाजावा, पोस्टमध्ये टॅग केल्याचे सांगावे आणि पुढच्या वर्षीची मंडळाची वर्गणी त्याच्याकडून तेथेच घ्यावी.