मैदानावर मोबाइल कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, सप्रेम नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया चांगली खरमरीत आहे, आणि ती तीस वर्षं मैदानावर काढलेल्या माणसाची आहे हे ओळीओळीत कळतं. म्हणून उत्तरही दोन ओळींत उरकत नाही. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आठवीच्या शारीरिक शिक्षणाच्या तासाला मी फोन आणि स्पीकर कसा वापरते, आणि एकाच तासात वेगवेगळ्या मुलांना वेगवेगळं काम कसं देते, ते मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर सरांचे आक्षेप तीन. मुलं आधीच मोबाइलमध्ये बुडालीत, निदान मैदानावर तरी तो नको. ‘ज्याला झेपेल तेवढं’ म्हणजे आळशांना मोकळं रान. पूर्वी शिट्टी वाजली की अख्खा वर्ग एकसाथ वाकायचा. आणि तिसरं, ही परदेशी थेरं साठ मुलं नि पस्तीस मिनिटांत बसत नाहीत. शिवाय मनगटावरची घड्याळं त्यांना नकोत, आणि मी गुण कसे देते असंही त्यांनी विचारलंय.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण खरं दुखणं तिथेच आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक मात्र सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेला तर, आणि तोही अंशकालीन! म्हणजे साठ मुलांमागे एक शिट्टी हे चित्र काही बदलणार नाही. मुलं मैदानावर येईपर्यंत, हजेरी होईपर्यंत पस्तीसमधली आठ-दहा मिनिटं गेलेली असतात. उरलेल्या वेळातही तुम्ही-आम्ही काय करत आलो? आकडे मोजत आलो. एक, दो, तीन, चार. शिक्षकाचं तोंड आणि डोळे दोन्ही मोजण्यात अडकलेले. तिसऱ्या रांगेतल्या मुलाचा गुडघा आत वळतोय हे बघणार कोण?

स्पीकर मी आणला तो यासाठी. माझ्याच आवाजात एक रेकॉर्डिंग केलंय: चाळीस सेकंद काम, शिट्टी, वीस सेकंदांत पुढच्या जागी. मैदानावर सहा जागा, प्रत्येक ठिकाणी दहा जण. दोरीच्या उड्या, चुन्याच्या रेषेवर लंगडी, जोर, वाळू भरलेल्या जुन्या व्हॉलीबॉलची फेक, शटल धाव, एका पायावर तोल. जोरांच्या जागी पुठ्ठ्यावर तीन चित्रं आहेत. एकात भिंतीला हात टेकून, दुसऱ्यात गुडघे जमिनीवर ठेवून, तिसऱ्यात पूर्ण. कुठून सुरुवात करायची हे मूल ठरवतं, आणि मी फिरत असते, त्यामुळे तिसरं जमत असताना भिंतीला टेकलेला दिसला की त्याला तिथून हलवते. मोजणी स्पीकर करतो आणि मी शिकवते. साठ मुलांसाठी हे जमत नाही असं तुम्ही म्हणता. मी तर साठ मुलं आहेत म्हणूनच हे करते. वीस असती तर स्पीकर लागलाही नसता.

आता ‘एकसाथ’बद्दल. सर, हे परदेशी थेर म्हणालात तिथे मला जरा भांडायचंय. तुम्ही साताऱ्याकडचे, तालीम तुम्हाला मी काय सांगावी. कुठल्या वस्तादानं नव्या पोराला आणि फडावर उतरणाऱ्या पैलवानाला एकच आकडा दिला? नवख्याला थोड्या बैठका, अंग धरलं की वाढवायच्या, दुखावलेल्याला नुसतं माती उकरायचं काम, आणि जोड लावताना वजन, उमेद, अंगातला दम सगळं बघून. प्रत्येकाचा हिशेब वस्तादाच्या डोक्यात वेगळा असायचा. रांगेत उभं करून एका हुकमावर सगळ्यांना सारखं वाकवणं हे आलं लष्करी कवायतीतून, साहेबाच्या काळात. मग परदेशी कोणतं म्हणायचं?

बाहेरच्यांनी या गोष्टीची नीट मांडणी केली, एवढं श्रेय त्यांना द्यायला माझी हरकत नाही. अमेरिकेत शिकवणारे मुस्का मॉस्टन यांनी १९६६ साली शिकवण्याच्या पद्धतींची एक मांडणी केली. त्यातलं तिरक्या दोरीचं उदाहरण मला फार आवडतं. उंच उडीला दोरी आडवी सरळ धरली, की ज्यांना ती ओलांडता येत नाही ते एकेक करून बाद होतात. म्हणजे ज्यांना सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तेच सगळ्यात आधी बाजूला बसतात. दोरीचं एक टोक गुडघ्याला आणि दुसरं छातीला धरा. प्रत्येक मूल आपल्याला झेपेल तिथून उडी मारतं आणि बाद कुणीच होत नाही. आणि गंमत अशी की सोप्या टोकाला फार वेळ कुणी थांबत नाही. दोन उड्या झाल्या की पोरं आपणहून वरच्या टोकाकडे सरकायला लागतात. आमच्याकडे विहिरीचा जुना दोर आणि दोन मुलं एवढ्यावर हे चालतं. तंत्रज्ञान शून्य!

आळशांचं म्हणाल, तर माझा अनुभव तुमच्या उलट आहे. एकसाथ कवायतीत आळशाला लपायला जागा मिळते. हात अर्धा उचलला तरी रांगेत खपून जातो. माझ्याकडे सहा मिनिटांची धाव असते. सगळे एका शिट्टीला सुटतात आणि एका शिट्टीला थांबतात, त्यामुळे शेवटचा कुणीच नसतो. अख्खा वर्ग बघतोय आणि एकटं जाडं पोर धापा टाकत येतंय, हा प्रकारच उरत नाही. एका फेरीला एक रबरबँड मनगटात. थांबल्यावर जोडीदार रबरबँड मोजतो, मी फोनवरच्या तक्त्यात आकडा टाकते. महिन्यानं त्याच मुलाला त्याचाच मागचा आकडा दाखवते. धावण्यात पहिला येणारा मुलगा सलग दोन महिने जागच्या जागी असेल, तर सगळ्यांच्या पुढे असूनही त्याला माझ्याकडून ऐकून घ्यावं लागतं. आणि दम्याची एक मुलगी, जी आधी वहीवर आईची चिठ्ठी घेऊन झाडाखाली बसायची, ती डॉक्टरांना विचारून चालत-पळत फेऱ्या घालते आणि तिचा आकडा वाढतोय. वस्तादाच्या डोक्यात पंचवीस पठ्ठ्यांचा हिशेब मावायचा. माझ्याकडे सगळे वर्ग मिळून शेकडो मुलं आहेत. तो तक्ता नसेल तर ‘झेपेल तेवढं’ म्हणजे खरंच मनाला येईल तेवढं होईल, आणि मग तुमचा आक्षेप मला मान्य करावा लागेल.

मोबाइलबद्दल. फोन मुलांच्या हातात नसतो, माझ्या खिशात असतो. बाहेर येतो तो असा: खो-खोत धावून आलेल्या मुलीचा हात पाठीला लागायच्या आधीच तोंडातून ‘खो’ सुटतो आणि बसलेली आवाजावरच उठते. फाउल. तिला सांगितलं तर ती शपथेवर सांगते, “बाई, हात लागला होता.” मग मधल्या पाटीच्या बाजूला विटेवर फोन टेकवते, स्लो मोशन लावते आणि एक खो टिपते. त्यात तिचा ‘खो’ म्हशीच्या हंबरण्यासारखा लांबतो, पोरी हसून लोळतात, पण हाताचा पंजा पाठीपासून वीतभर लांब आहे हे सगळ्यांना दिसतं. वाद संपला. दुसऱ्या खेपेला उठणारी आवाजावर न जाता स्पर्शाची वाट बघते. हे मी शंभर वेळा ओरडून सांगितलं असतं तरी तिच्या डोळ्यांना दिसलं नसतं. सगळं मिळून मिनिटभराचं काम, की फोन परत खिशात.

तुमच्याशी मी सहमत आहे ते मनगटावरच्या घड्याळांबाबत. रोज दहा हजार पावलांचा आकडा १९६०च्या दशकात जपानमधल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून रुजलाय. ‘दोनशे वीस वजा वय’ हे नाडीच्या ठोक्यांचं सूत्रही मोठ्यांच्या अंदाजाचं आहे, तेरा वर्षांच्या पोराला ते लावून काही हाती लागत नाही. असल्या यंत्रांसाठी पालकांना खर्चात पाडू नये. त्यापेक्षा ‘पळताना शेजारच्याशी बोलता येतंय का?’ एवढं विचारलं तरी जोर किती लागतोय ते कळतं.

व्हिडिओचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण आठवीतल्या मुलींच्या बाबतीत तो यायलाच हवा. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण बालक आहे आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती हवी असं म्हटलंय. आमचा फोन शाळेचा आहे, त्यात सिम नाही. संमतीपत्र वर्षाच्या सुरुवातीला भरून घेतो, आणि तास संपताना मुलींसमोरच क्लिप पुसते. पालकांच्या ग्रुपवर टाका म्हणून आग्रह होतो. टाकत नाही.

गुणांचं विचारलंत. सरकारच्या ‘खेलो इंडिया’ योजनेतल्या शाळांसाठीच्या तंदुरुस्ती चाचण्या ठरलेल्या आहेत आणि मी त्या घेते: पहिली ते तिसरीला एका पायावरचा तोल आणि प्लेट टॅपिंग (दोन चकत्यांना आळीपाळीनं पटापट हात लावणं), चौथीपासून पुढे ५० मीटर, ६०० मीटर, बसून पुढे वाकणं, पोटाचे आणि हाताचे व्यायाम. त्यातली ६०० मीटरची चाचणीही ‘धावा किंवा चाला’ अशीच आहे, म्हणजे ती बांधणाऱ्यांनाही सगळी मुलं एका दमात पळणार नाहीत हे ठाऊक होतं. वजन मात्र मी एकेकाला खोलीत बोलावून करते, आकडा मोठ्यानं पुकारत नाही. अंतर्गत मूल्यमापनात निम्मे गुण मुलाच्या स्वतःच्या सुधारणेला असतात. हे काहींना अन्यायाचं वाटतं, त्यावर वेगळं लिहीन.

आता माझी एक विचारणा. तुमच्या खो-खोच्या संघानं जिल्हा गाजवला असं तुम्ही लिहिलंय. त्या संघात कुणाला चौकात बसवायचं, कुणाला खांबाशी आणि कुणाला पहिल्या तुकडीत पळवायचं, हे तुम्ही कशावरून ठरवत होता? तुमच्या काळात फोन नव्हता, तक्ता नव्हता, तरी निवड चुकत नव्हती. ते जरा सविस्तर लिहून पाठवाल का? इथेच छापते, तुमच्या नावानिशी.