शेगडीमागचा पत्रा

जुन्या अमेरिकन कॅम्परमधले, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या फिरत्या घरातले, स्वयंपाकघर ज्याने आखले, त्याने आयुष्यात एकदाही पिठले शिजताना पाहिले नव्हते, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. आमच्या 1962 सालच्या कॅम्परमध्ये प्रोपेनवर चालणारी तीन बर्नरची शेगडी आहे आणि तिच्यामागे जेमतेम वीतभर अंतरावर बर्चच्या प्लायवूडची उघडी भिंत आहे. त्या काळची कुटुंबे या शेगडीवर बेकन तळत असत आणि बेकनही कमी उडत नाही. पण त्याचा डाग लाकडाच्या मूळ तांबूस रंगात मुरून जातो. फोडणीतल्या हिंग-हळदीला असा भिडस्त स्वभाव नाही. आमच्या पहिल्याच सहलीत मोहरीने त्या भिंतीवर जे नक्षत्रमंडळ उमटवले, ते साबणाला दाद देईना. हळदीचा रंग स्पिरिटमध्ये विरघळतो हे खरे. परंतु भिंतीवरचे पॉलिश लाखेचे असल्यामुळे तेही स्पिरिटमध्येच विरघळते. म्हणजे डाग घालवायचा तर भिंतीचा साठ वर्षांचा साज त्याच्याबरोबर घालवावा लागणार होता.

या प्रस्तावाला माझ्या नवऱ्याचा तात्त्विक विरोध होता. ज्या ठेंगण्या, गोलसर कॅम्परांना इकडचे लोक आकारावरून 'कॅन्ड हॅम' (डबाबंद मांस) म्हणतात, त्यांच्या भक्तांचा एक पंथ आहे आणि 'ओरिजिनल' हा त्या पंथाचा बीजमंत्र आहे. दाराची कडी ओरिजिनल असल्यामुळे दार आतून लागत नाही; दिवा ओरिजिनल असल्यामुळे पुस्तक वाचता येत नाही; आणि बर्फाची पेटी ओरिजिनल असल्यामुळे आम्ही दूध वेगळ्या पेटीत नेतो. अशा माणसाला शेगडीमागे काहीतरी लावू या असे सांगणे म्हणजे गाभाऱ्यात ट्यूबलाइट बसवण्याची परवानगी मागणे होते. "आपण बाहेर गेल्यावर फोडणी नाही केली तर?" असा पर्यायही त्याने सुचवून पाहिला. त्यावर मी पुढच्या सहलीत त्याला दोन्ही वेळा उकडलेली अंडी वाढली आणि मग वाटाघाटींना वेग आला.

काय लावायचे याचा निर्णय मात्र लवकर झाला. टाइल रस्त्याच्या हादऱ्यांनी तडकते. स्टीलचा पत्रा घनतेने अॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट असतो आणि घरच्या हत्यारांनी तो कापणे कठीण. उरले अॅल्युमिनियम. आम्ही राहतो ओहायोतल्या क्लीव्हलँडजवळ, आणि तिथून तासाभराच्या अंतरावर ओबर्लिन नावाचे गाव आहे. तिथे 23 फेब्रुवारी 1886 रोजी चार्ल्स मार्टिन हॉल नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणाने घरामागच्या लाकडे ठेवायच्या शेडमध्ये, बहीण ज्युलियाच्या मदतीने, विजेच्या साहाय्याने अॅल्युमिनियमचे थेंब वेगळे केले. त्याच्या जेमतेम सव्वा वर्ष आधी वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर अॅल्युमिनियमचे शिखर चढवले होते, कारण तेव्हा हा धातू चांदीच्या तोलाचा मानला जाई. हॉलनंतर तो पुढे पातेल्यांपर्यंत उतरला. ओबर्लिनच्या कॉलेजात हॉलचा पुतळा आहे, तोही अॅल्युमिनियमचाच. हलका असल्यामुळे विद्यार्थी खोडसाळपणे तो उचलून भलतीकडे नेऊन ठेवत; शेवटी तो ग्रॅनाइटच्या दगडाला चिकटवून टाकण्यात आला. ज्या धातूने आपल्या जन्मदात्यालाही एका जागी बसू दिले नाही, तो माझ्या भिंतीवर निमूट बसेल अशी अपेक्षा ठेवणे धाडसाचेच होते.

छपराच्या सांध्यांवर बसवण्यासाठी इथे अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा गुंडाळीत मिळतो. तो साधारण पाव मिलिमीटर जाडीचा असतो, स्वस्त असतो, आणि दुकानात बांधलेल्या अवस्थेत अत्यंत सालस दिसतो. गॅरेजमध्ये आणून त्याचा बंद कापताच तो असा काही उसळला की रंगाचा एक डबा आणि नवऱ्याचा चष्मा एकदमच खाली आले. सपाट करून चारी बाजूंना विटा ठेवाव्यात, तर विटांच्या मधोमध पोट वर काढून तो पडून राहत असे. दुकानदाराने पत्रा कापायच्या तीन कात्र्याही गळ्यात मारल्या होत्या: पिवळ्या मुठीची सरळ कापण्यासाठी, लाल मुठीची डावीकडे वळण्यासाठी आणि हिरव्या मुठीची उजवीकडे वळण्यासाठी. लाल रंग पाहून थांबायचे आणि हिरवा पाहून निघायचे, एवढेच शिकलेल्या माणसाला पत्र्यासमोर उभे राहून दिशांचा हा नवा धर्म पाळणे जड जाते.

अशा वेळी आप्पा मदतीला आले. माझे वडील चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले आहेत आणि त्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले होते. नायगारा दाखवून झाल्यावर इथे वडीलधाऱ्यांना दाखवण्यासारखे फारसे काही उरत नाही. त्यामुळे गॅरेजमधला पत्रा पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो धबधब्यालाही लाभला नव्हता. त्यांनी आधी तिन्ही कात्र्या हातात घेऊन परत ठेवल्या. "जावईबापू, हा पत्रा आहे की कागद? याला घरातली जुनी कात्री पुरे," असे म्हणून त्यांनी गुण्या मागितला.

गुण्याचा मात्र काही उपयोग होणार नव्हता, हे त्यांना कॅम्परमध्ये शिरताच कळले. भिंतीची वरची कड छताबरोबर वळत जाते, डावीकडे खिडकीची चौकट आडवी येते, ओटा उजवीकडे किंचित उतरतो, आणि एकही कोपरा काटकोनात नाही. "हे बनवताना इन्स्पेक्शनचा माणूस रजेवर होता का?" असे आप्पांनी विचारले, तेव्हा नवऱ्याने नाराजीने खुलासा केला की सांगाडा लाकडी असून तो हाताने जोडलेला आहे. मग आप्पांनी खोक्याचा पुठ्ठा भिंतीला टेकवला, कंपासचे टोक छताच्या वळणावरून फिरवत पेन्सिलीची रेघ पुठ्ठ्यावर उतरवली आणि थोडे थोडे कापत साचा तयार केला. त्यांनी ओटा, खिडकी आणि मी अशा तिघांनाही एकाच सुरात "हलू नकोस" असे बजावले होते.

खरी कसोटी पुढेच होती. साधा पातळ पत्रा भिंतीवर लावला तर बोट लागताच तो आत जातो, टक्क वाजतो आणि बाहेर येतो. गाडी रस्त्यावर धावू लागली की हेच वाजणे अखंड सुरू राहते. वातानुकूलनाच्या मोठ्या पत्र्याच्या नळांवर फुलीसारख्या घड्या पाडलेल्या असतात, त्या पत्र्याला ताठपणा यावा आणि त्याचे वाजणे थांबावे म्हणूनच, हे आप्पांनी समजावून सांगितले. तेव्हा शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटी उमटवायचे ठरले. नवऱ्याने या वेळी अनपेक्षितपणे मान डोलावली, कारण जुन्या अमेरिकन डायनरांमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या खाणावळींमध्ये, स्टीलवर हीच नक्षी असे आणि ती 'काळाला धरून' होती. काळाला धरून असलेली वस्तू ओरिजिनल नसली तरी तिला पंथात अर्धे सदस्यत्व मिळते.

माझी योगासनांची रबरी चटई जमिनीवर अंथरली गेली; माझ्या योगासनांनी दिले नव्हते इतके कष्ट तिने त्या एका आठवड्यात सोसले. करंज्यांचे कातणे आप्पांनी एका तुकड्यावर फिरवून पाहिले, पण रेघ दातेरी येऊ लागली. मग त्यांनी जाड स्क्रूड्रायव्हरचे टोक कानशीने गोल केले आणि मागच्या बाजूने, पट्टी धरून, तिरक्या समांतर रेघा दाबत नेल्या. एका दिशेच्या रेघा संपताच पत्रा धनुष्यासारखा वाकला. मी घाबरले, आप्पा म्हणाले, "अगं, उलट्या दिशेच्या रेघा पडू देत, येईल वळणावर." तसा तो आला, पण रुंदीला किंचित आखडून, कारण प्रत्येक रेघ आपल्यापुरता थोडा पत्रा ओढून घेते. म्हणूनच त्यांनी आधी नक्षी आणि मग कात्री हा क्रम धरला होता. कडा पाव इंच मुडपून त्यांनी मोगरीने हलकेच ठोकल्या, जेणेकरून भांडी पुसताना कोणाचे बोट कापू नये.

लावतानाही नवऱ्याच्या अटी होत्याच. गोंद वापरायचा नाही, कारण तो बर्चवरून कधीही निघणार नाही. गोंद नाकारण्याचे आमच्याकडे दुसरेही कारण होते, ते म्हणजे तापमान. ओहायोच्या हिवाळ्यातले उणे 15 आणि जुलैत बंद कॅम्परमधले 45 अंश या दोन टोकांमध्ये सव्वा मीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा दीड मिलिमीटरहून अधिक लांबतो. त्यामुळे आप्पांनी भोके लांबट पाडली, स्टेनलेसचे बारीक स्क्रू बेताने आवळले, आणि प्रत्येक स्क्रूमागे वायसर देऊन पत्रा भिंतीपासून थोडा पुढे ठेवला, म्हणजे मधल्या हवेमुळे शेगडीची धग थेट लाकडाला पोहोचू नये. उरलेल्या पत्र्यावर नवऱ्याने डोळा ठेवला होता, परंतु आईने त्याचे फुलझाडाच्या कुंडीखाली ठेवायचे ताट करून घेतले.

आईचा या सगळ्या प्रकल्पावर एकच आक्षेप होता. "जर्मनच्या भांड्यात आपण आंबट ठेवत नाही आणि तुम्ही जर्मनची भिंत करून तिच्यापुढे कढी उकळणार?" आक्षेप रास्त होता. आंबट आणि सोडा या दोहोंचेही अॅल्युमिनियमशी जमत नाही. आंबटाने ते निस्तेज होते आणि सोड्याने काळवंडते. म्हणून कढी उडाली की लगेच ओल्या फडक्याने पुसायचे आणि घासायला साधे, सौम्य साबणच वापरायचे, असा नियम आम्ही शेगडीशेजारी चिकटवून ठेवला आहे. पिठल्याचे शिंतोडे मात्र उठावदार रेघांमधल्या चौकटींच्या खोलगट कोपऱ्यांमध्ये जाऊन बसतात आणि तिथून ते काढायला दात घासायचा जुना ब्रश लागतो.

पुढे एका सहलीत शेजारच्या कॅम्परमधले एक वयस्कर गृहस्थ, जे या पंथात बरेच मुरलेले दिसत होते, आमच्याकडे कॉफीला आले. त्यांनी कडी पाहिली, दिवा पाहिला, बर्फाची पेटी उघडून हुंगली. आणि मग शेगडीसमोर बराच वेळ उभे राहून, त्या पत्र्यावरून बोट फिरवत, हा कारखान्यातूनच आलेला आहे का, असे अतिशय आदराने विचारले. मी आप्पांचे नाव घेण्यासाठी तोंड उघडणार, तोच नवरा गंभीरपणे म्हणाला, "हो, पण चिंचवडच्या."